मानेतला मेंदू आणि हातावरची रेघ

पुण्याच्या डॉक्टरांनी काचेमागचा दिवा लावला, त्यावर माझ्या मानेची फिल्म अडकवली आणि कवटीच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं.

"हा तुमचा लहान मेंदू. कवटीच्या तळाला भोक असतं, त्यातून तो थोडा मानेत उतरलाय. जन्मापासून असणार. याला कियारी मालफॉर्मेशन म्हणतात."

मी कागलचा शिंपी, वय तेव्हा चौतीस. शेजारी बायको रशिदा बसली होती.

आधीचं वर्षभर खोकलो की मानेच्या मागं घण घातल्यासारखं दुखायचं. मी नुसते काढे पीत राहिलो. मग एका दुपारी कोळशाची इस्त्री उजव्या हाताला टेकली. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा मला कळलं. दुखलं नाहीच. तो हात बघून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला धाडलं. तिथं मायलोग्राम केला. म्हणजे पाठीच्या कण्यात सुईनं औषध सोडतात, टेबल कलतं करतात आणि ते औषध कुठं अडतंय ते एक्स-रेत बघतात. माझं मानेशी अडलं होतं.

"आता हे हाय तसंच ऱ्हाईल, का वाढंल?" रशिदानं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "उतरलेला भाग बहुधा फारसा हलत नाही. पण त्यानं मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते आणि मज्जारज्जूत पाण्याची पोकळी धरते. तिला सिरिंक्स म्हणतात. गरम-गार कळेनासं होतं ते तिच्यामुळं. कुणाची वर्षानुवर्षं तशीच राहते, कुणाची वाढते. तुमची काय करेल, हे आज मला सांगता येणार नाही. ऑपरेशन आत्ता करू, किंवा लक्ष ठेवू. वाढतंय असं दिसलं तर मात्र थांबू नका."

मी लक्ष ठेवणं पत्करलं. ऑपरेशनमध्ये हातच गेला तर खायचं काय, ही भीती होती.

घरी रशिदानं रीत बसवली. दर शुक्रवारी दोन पेले, एकात गरम पाणी, एकात गार. मी डोळे मिटायचे. ती पेला बोटांपासून वर वर टेकवत न्यायची. जिथं नीट कळायला लागेल तिथं कापड आखायच्या खडूनं रेघ, आणि मनगटापासून टेपनं माप.

तीन महिने रेघ हलली नाही. चौथ्या महिन्यात जुन्या रेघेशी मला गरम-गार कळेना, आणि मी खोटं बोलायला लागलो. पापण्या किंचित उघड्या ठेवायच्या, वाफ दिसली की "गरम" म्हणायचं. कात्री हातातून निसटत होती, तेही मी सांगितलं नाही.

एका शुक्रवारी मी असाच "गरम" म्हणालो.

"पेला अजून टेकवलाच न्हाय म्या," रशिदा म्हणाली.

मी डोळे उघडले.

"कुणाला फसवताय? मला, का डॉक्टरला? आणा ते फडकं."

डोळे बांधल्यावर रेघ चार बोटं वर गेली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुण्याच्या एसटीत बसलो.

डॉक्टरांनी दोन्ही हात तपासले. "वाढलंय. आता डीकॉम्प्रेशन करू. कवटीच्या मागचं थोडं हाड काढून मेंदूला जागा करून द्यायची. हे वाढणं थांबवायला आहे. गेलेलं सगळं परत येईल असं समजू नका."

ऑपरेशननंतर मान लाकडासारखी झाली होती. पाचव्या दिवशी खोकला आला. मी दोन्ही हातांनी डोकं धरून वाट बघितली. टाके ताणले गेले, पण तो घण पडला नाही. मी मुद्दाम आणखी एकदा खोकलो. नर्स धावत आली.

याला आता काही वर्षं झाली. दोन बोटांना अजून ऊन-गार कळत नाही. काज रशिदा करते, कापणं आणि मशीन माझ्याकडं. रेघ मात्र त्यानंतर सरकलेली नाही.

ज्यांना हे निदान झालंय त्यांना एवढंच सांगतो. वाढेल का, याचं उत्तर पहिल्या दिवशी कुणाकडंच नसतं. ते तुमच्याच अंगावर हळूहळू दिसतं, आणि दिसलेलं लपवलं म्हणून ते थांबत नाही. माझे काही महिने त्यात गेले. बाकीचं आयुष्य एका डॉक्टरनं आणि एका हट्टी बाईनं वाचवलं.

गेल्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे. पण पुढची हमी मी देत नाही."

"हमी नको साहेब," मी म्हणालो. "काही बदललं तर मी त्याच आठवड्यात येईन."

रशिदा मधेच म्हणाली, "ते न्हाय आले तर मी घिऊन येतो की!"