चाकाला लावलेली राळ

गेल्या वर्षीच्या त्या रविवारचा विषय घरात निघाला की अजून मलाच समजावलं जातं, जाऊ दे, त्याने चांगल्यासाठीच केलं. माझं डोकं फिरतं ते या 'चांगल्यासाठी'नेच.

बाइक एक आणि चालवणारे दोघं, मी आणि माझा मोठा भाऊ. मी टेमघरला शाळेत गणित शिकवते, दादा निजामपुऱ्यात कापड विणणाऱ्या लूमच्या मोटरी दुरुस्त करतो. शहराबाहेरच्या एका छोट्या ट्रॅकवर आमच्यासारख्या हौशी लोकांच्या शर्यती होतात. एका गाडीवर एकच नाव देता येतं. म्हणून आमचं ठरलं होतं की शर्यतीच्या सकाळी दोघांनी तीन-तीन फेऱ्या मारायच्या आणि ज्याची फेरी कमी वेळात होईल त्याने शर्यतीत उतरायचं. दोन वर्षं तोच उतरला होता. या वेळी मला उतरायचं होतं.

आमचा वाद मात्र कायमचा. त्याने इंजिन खोललं, मोठा पिस्टन बसवला, सायलेन्सर बदलला. मी म्हणत राहिले की टायर जुने झालेत, रबर कडक झालंय, आधी ते बदलू. इंजिनने कितीही ताकद काढली तरी टायर धरेल तेवढीच रस्त्याला मिळते. हे त्याला कळत नव्हतं असंही नाही. मोटर केवढीही लावा, पट्टा घसरला की लूम चालत नाही, हे लहानपणी त्यानेच मला दाखवलं होतं. पण बाइकवर बसला की शहाणपण वाटेतल्या धामणकर नाक्यावर ठेवून यायचा.

टायर काही बदलले नाहीत. मग त्याच कडक टायरांवर मी शिकले. पहिली फेरी सावकाश मारून रबर तापू द्यायचं, वळणात हळूच झुकायचं, बाइक सरळ व्हायला लागली की मगच अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा. वर्षभर दर रविवारी मी एवढंच केलं.

त्या सकाळी आधी तो गेला. सरळ रस्त्यावर सुसाट, आणि प्रत्येक वळणावर मागचं चाक बाहेर सरकतंय. त्याची वेळ बेताचीच आली. आज आपलं जमणार, हे मला तिथेच कळलं. मी हेल्मेट, हातमोजे घालेपर्यंत त्याने बाइक आणून उभी केली आणि मी निघाले.

दुसऱ्याच वळणावर पुढचं चाक निसटलं. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. बाइक उचलताना टायरला हात लागला तर बोटं चिकटली. लूमचा पट्टा घसरू नये म्हणून लावतात ती राळ. ट्रॅकवरची सगळी धूळ आणि बारीक खडी तिला चिकटली होती, रव्यात घोळवलेला बांगडा दिसतो तसा टायर दिसत होता.

दादा धावत आला. तोंड खरंच उतरलं होतं त्याचं. पकड वाढेल म्हणून लावली, म्हणाला, तूच टायर-टायर करत होतीस. मला मुद्दाम पाडलं असतं तर निदान तो मला घाबरला एवढं तरी समाधान मिळालं असतं.

मी विचारलं, "तुझ्या फेऱ्यांना का नाही लावलीस?"

"मला नाय लागत गं. मला जमतं तसंच."

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. उकिडवा बसून तो फडक्याने टायर पुसायला लागला. नाव द्यायची वेळ संपत आली होती आणि आता त्यालाच उतरायचं होतं. वर्षभर मी काय करत होते हे त्याने पाहिलंच नव्हतं. तो पुसत असतानाच मी बाइकची चावी काढून खिशात टाकली, लंगडत टेबलापर्यंत गेले आणि नावं लिहिणाऱ्या माणसाला सांगितलं की आमच्या गाडीवर आज कुणीही उतरणार नाही.

दादाची शर्यत मी घालवली असं घरात म्हणतात. घालवलीच. परत तशी वेळ आली तर परत घालवीन.