बार्लोसरांची विलायती मुंगसं

आमच्या शाळेतली जुनी मंडळी आता वर्षातून एकदा-दोनदा भेटतात, तीही कुणाच्या मुलाबाळांच्या लग्नात. एके काळी पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत आम्ही सगळे नोकरीला होतो आणि एकाच स्टाफ लाइनीत शेजारी शेजारी राहत होतो. पण भेटल्यावर कुणी शाळेचा निकाल काढत नाही की प्रिन्सिपॉलचा विषय काढत नाही. चहाचा पहिला घोट पोटात गेला की कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "कांबळे, ती तुमची जनावरं..." आणि मग तासभर दुसरं काही निघत नाही. प्रत्येकाकडे त्यांचा एक किस्सा आहे आणि दर लग्नागणिक तो थोडा लांबत चाललाय. म्हटलं, आपल्या किंवा घरच्यांच्या डोळ्यांदेखत घडलं तेवढं तरी आपणच सांगून टाकावं.

हे सगळं सत्तर सालानंतरचं. मी तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होतो. सायन्स शिकवायला बार्लोसर म्हणून एक इंग्रज गृहस्थ होते. एकटे राहायचे. त्यांच्या बंगलीत दोन फेरेट होती. फेरेट म्हणजे मुंगसाच्या जातकुळीतलं वाटावं असं लांबोडकं जनावर, पण अंगानं मऊ आणि स्वभावानं माणसाळलेलं. विलायतेत लोक ते मांजरासारखं घरात पाळतात. ही दोन इथपर्यंत बोटीतून आली की विमानातून, आणि कुणी येऊ दिली, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सरांची आई आजारी पडली. सहा महिन्यांच्या रजेवर निघाले तेव्हा ते मला म्हणाले, "कांबळे, तुमचा हात हलका आहे. यांना सांभाळा." माझा हात हलका म्हणजे काय, तर मी परीक्षानळ्या फोडत नव्हतो. एवढ्या लायकीवर दोन जिवंत जनावरं आणि टाइप केलेल्या सूचनांचे चार कागद माझ्या घरी आले.

बायको, सुशीला, दारातच उभी राहिली. टोपलीत डोकावून तिनं बराच वेळ बघितलं. एक पांढरट होतं, दुसरं तपकिरी, डोळ्यांभोवती काळं. मला वाटलं, आता टोपलीसकट मला बाहेर काढणार.

"ह्यास्नी नावं काय?" तिनं विचारलं.

मी सरांनी ठेवलेली इंग्रजी नावं सांगितली.

"हाक मारता मारता दूध उतू जाईल," ती म्हणाली. आणि उभ्या उभ्याच तिनं पांढऱ्याचं ढवळ्या आणि काळ्या डोळ्यांच्या मादीचं काजळी करून टाकलं.

*

पहिला प्रश्न घराचा. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात यांना वेगळं घर हवं, असं पहिल्याच कागदावर लिहिलं होतं. शाळेचे सुतार महादू मिस्त्री आमच्या लाइनीतच राहायचे. शाळेतला प्रत्येक बाक त्यांच्या हातचा. ते पट्टी घेऊन आले.

"माप धरा," म्हणाले.

मी काजळीला धरलं. भरली चौदा इंच. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून लिहीपर्यंत ती हातातून ओघळली आणि सतरा इंच झाली. दुसऱ्यांदा मोजली तेव्हा अकरा. मिस्त्री पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "आजपातुर मी लाकडाचं माप घेतलंय. पाण्याचं घेतलं न्हवतं."

तरी त्यांनी आठ दिवस खपून जांभळीच्या लाकडाचा सुरेख पिंजरा केला. वर जाळी, आत झोपायला खण, चढायला फळी. दुपारी दोघांना आत सोडलं आणि मिस्त्री माझ्या हातचा चहा घ्यायला बसले. कपातून वर बघतात तो समोर ढवळ्या.

मिस्त्रींना तो अपमान वाटला. फट शोधायला बसले. जिथून डोकं जातं तिथून सगळं जनावर जातं, हे त्यांना पटेना. शेवटी सुशीलेनं हातातली बांगडी काढून जमिनीवर उभी धरली. काजळी त्यातून आरपार गेली आणि वळून परत आली.

त्या दिवसापासून बांगडी हे आमच्याकडे माप झालं. मोरीचं भोक, खिडकीचा गज, दाराखालची फट, सगळीकडे मिस्त्री बांगडी लावून बघायचे. महिनाभरानं त्यांनी पिंजरा दुरुस्त करून पुन्हा आणून ठेवला. "आता बांगडी काय, मंगळसूत्राचा मणी जात न्हाई," म्हणाले. ते खरंच होतं. ढवळ्यानं नाकानं कडी वर उचलली आणि दारातून बाहेर आला.

"दारातनं गेला तर माझी हरकत न्हाई," मिस्त्री म्हणाले आणि घरी गेले.

*

माझ्या सासूबाई कोरेगावाकडून आठ दिवस राहायला आल्या होत्या. या जनावरांना आनंद झाला की ती नाचतात. नाचतात म्हणजे कशी, तर पाठ कमानीसारखी उचलून, तोंड उघडं टाकून, चारी पायांवर आडव्या उड्या मारत भिंतीला जाऊन धडकतात आणि वर कोंबडीसारखं डुकडुक करतात. सासूबाई जोंधळे निवडत बसल्या होत्या. ढवळ्या सुपाभोवती हे सगळं करून गेला.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "जावईबापू, ह्याला बाहेरचं झालंय."

मी सांगितलं, अहो, तो खूश आहे.

"खूश माणूस भिंतीला डोकं आपटतंय व्हय?"

आता सासूबाईंनी छप्पन सालीच घरातले सगळे देव सोडले होते. त्या बाबतीत त्या फार कडक. पण दृष्ट मात्र सोडली नव्हती. त्यांनी मीठ-मिरच्या घेतल्या, ढवळ्यावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. पाचगणीच्या थंडीत दारं-खिडक्या बंद. पहिला ठसका लागला तो मला. मग सुशीलेला, मग सासूबाईंना. ढवळ्या सात-आठ वेळा शिंकला, पिंजऱ्यात गेला आणि झोपला.

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा. किती दृष्ट होती. आपल्यालासुद्धा लागली."

*

शेजारी हेडक्लार्क साठेभाऊसाहेब. माणूस अतिशय नेमका. ऑफिसचा रबरी शिक्का कुणाच्या हाती लागू नये म्हणून रोज रुमालात गुंडाळून घरी आणायचे. एके दिवशी सकाळी रुमाल होता, शिक्का नव्हता.

या जनावरांना रबराचा फार नाद, हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या घरातून आमच्या घरात यायला वाट असेल हे ठाऊक नव्हतं. भाऊसाहेबांनी तीन दिवस जेवण सोडलं. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. साठेवहिनी सुशीलेजवळ येऊन रडल्या. शाळा सोडल्याचे दाखले शिक्क्यावाचून पडून होते आणि प्रिन्सिपॉल रोज विचारत होते.

चौथ्या दिवशी सुशीला पिंजरा झाडायला बसली. झोपायच्या खणात माझा एक पायमोजा, तिच्या वेणीचं रबर, प्रयोगशाळेतली दोन बुचं आणि शिक्का.

भाऊसाहेब शिक्का छातीशी धरून खुर्चीत बसले. मग त्यांनी तो कागदावर उमटवून बघितला. शाळेचं नाव शाबूत होतं. खाली 'पाचगणी'तलं 'गणी' खाल्लं होतं.

दुसरा शिक्का येईपर्यंत तोच चालवावा लागला. प्रिन्सिपॉलनी दाखला हातात धरून विचारलं, "पाच काय?"

भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. "शाई कमी पडली, सर."

*

बार्लोसरांच्या चार कागदांपैकी दोनच मी सुशीलेला मराठीत सांगितले होते. तिसऱ्यावर लिहिलं होतं की ही जनावरं दिवसाचे अठरा तास झोपतात आणि कधी कधी इतकी गाढ, की हलवली तरी जागी होत नाहीत.

मी साताऱ्याला प्रयोगशाळेचं सामान आणायला गेलो होतो. सकाळी सुशीलेनं काजळीला उचललं तर मान लोंबती. हाका मारल्या, हलवलं, पाणी शिंपडलं. काही नाही. तिनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली आणि सगळी लाइन गोळा झाली. मिस्त्रींनी नाकाशी बोट धरलं आणि मान हलवली.

मग त्यांनी घरी जाऊन अर्ध्या तासात एक पेटी करून आणली. सागाच्या उरलेल्या फळीची, कोपरे घासलेली. सिल्व्हर ओकच्या खाली खड्डा खणला. वहिनींनी शेवंतीची फुलं आणली. सगळे उभे राहिल्यावर कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आणि भाऊसाहेब पुढे झाले. त्यांच्या मनात शिक्का असणारच. तरी म्हणाले, "माझ्याशी तिचं पटलं नाही. पण जनावर हुशार होतं."

एवढ्यात पेटीत काजळीनं जांभई दिली.

मी दुपारी एसटीतून उतरलो तर घरात सगळ्यांना चहा चाललेला आणि काजळी सुशीलेच्या पदरात. काय झालं, मी विचारलं. मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवलं. "पहिल्यांदाच माप बरोबर आलं होतं," म्हणाले.

*

सहा महिन्यांचे दहा झाले, तेव्हा सरांचं पत्र आलं. आई गेल्या, तिकडेच नोकरी मिळाली, आता परत येणं नाही. जनावरं जड होत असतील तर एखाद्या प्राणिसंग्रहालयाला द्यावीत.

सुशीलेला वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती. थापायची थांबली नाही. "लिहा त्यास्नी, स्वतः न्यायला आलात तरी दारात उभं करणार न्हाई."

मी इंग्रजीत लिहिलं, 'दोघंही मजेत आहेत. आपल्याला नमस्कार सांगतात.'

*

आता राहिला तो किस्सा साताऱ्याचा. लग्नात हा नेहमी माझी बहीण विमल सांगते, पण आज मीच सांगतो.

मे महिना होता. विमलला बघायला सांगलीची मंडळी येणार होती. आधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांच्या तोंडावर ताण. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा दोघांना आदल्या दिवशीच बोलावलं. मिस्त्री गावाला गेलेले, जनावरं ठेवायची कुठे? टोपलीत घालून एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "कोंबड्या हायत काय?" मी म्हटलं, नाही, मुंगसं. तो म्हणाला, "मग त्या कोंबडीवाल्या मावशीच्या शेजारी बसू नका."

अण्णा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात जनावर आलेलं त्यांना अजिबात खपत नसे. टोपली बघून एवढंच म्हणाले, "उद्याच्या कामात हे दिसता कामा नये." मी ती मागच्या खोलीत ठेवली.

पाचगणीच्या हवेत वाढलेली जनावरं. साताऱ्याचा मे त्यांना झेपणारा नव्हता, हे चौथ्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं आणि माझ्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला टोपली उघडली तर ढवळ्या धापा टाकत होता आणि काजळी पसरली होती. ही झोप नव्हती. डोळे अर्धे उघडे, अंग चटका बसावा असं तापलेलं. रविवार, गुरांचा दवाखाना बंद. सुशीला तिला घेऊन नुसती इकडून तिकडे फिरत होती.

अण्णांनी ते बघितलं. आले, काजळीला तिच्या हातातून काढून घेतलं आणि पुढच्या सोप्यात माठाखालच्या ओल्या वाळूवर मांडी घालून बसले. तिला मांडीवर घेतलं, वर ओला पंचा घातला. "पाणी आना," म्हणाले. "गार न्हाई, साधं. सैन्यात माणसं पडत्यात अशी, ठावं हाय मला."

विमल आतून बादली घेऊन आली. नेसूचं साधं लुगडं, कपाळावर घाम. ती बादली ठेवून वळते न वळते तोच दारात सांगलीची मंडळी. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा.

अण्णा उठले नाहीत. "बसा," म्हणाले. "आजारी हाय. मला उठता यायचं न्हाई."

मामा उभेच राहिले. "आमी काय मुंगूस बघाया आलोय?"

मुलाचे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत वजनकाट्यावर काम करायचे. थोराड अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी चपला काढल्या, अण्णांच्या शेजारी वाळूवर बसले, काजळीच्या पोटाला हात लावून बघितला. मग खांद्यावरचं कोरं उपरणं काढलं, बादलीत बुडवलं, पिळलं आणि अण्णांचा सुकलेला पंचा काढून ते तिच्यावर घातलं.

"दुसरं कुटं हाय?" त्यांनी विचारलं. ढवळ्याला आणलं. त्याला त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं.

मुलगा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. त्यानं कोपऱ्यातला पुठ्ठा उचलला आणि वारा घालायला लागला. विमल तीनदा बादली भरून आणून देऊन गेली. आत पोहे गार झाले. मामांनी तेवढे खाऊन घेतले.

ऊन कललं तेव्हा काजळीनं मान उचलली. अण्णांनी अंड्याच्या बलकात बोट बुडवून पुढे केलं, तिनं ते चाटलं. अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मुलाचे वडील उठले. धोतराची वाळू झटकली. "येतो आमी."

अण्णा गडबडून उठायला गेले. पाय बधिर झालेले, मी धरलं. "आवं, आसं कसं? मुलगी दावायची ऱ्हायली."

"आमचं झालं बघून," ते म्हणाले. "तिला आमचं पोरगं बघायचं आसंल, तर तेवढं आत इचारा."

मग आतून विमलचा आवाज आला.

"दुसऱ्या बादलीलाच बघितलं मी."