पाणी न घातलेलं स्क्वॉश

मोठा चेंडू धरावा तसे माझे दोन्ही हात छातीसमोर होते आणि ते मला खाली घेता येईनात. ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. भिंतीवरचं ते यिन-यांगचं काळं-पांढरं वर्तुळ डोळ्यांपुढे फिरायला लागलं. मी खुर्चीवर बसले, म्हणजे पडलेच.

"बघा," ताई-ची या चिनी व्यायामाचा गोरा मास्तर हळू आवाजात म्हणाला, "यांनी सगळं सोडून दिलंय. हाच ताओ. कुणी हात लावू नका."

दहा-बारा म्हातारी माणसं माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. खरं सांगते, मलाही वाटलं, हेच ते असेल. नातीच्या कार्टूनमधले पांढऱ्या दाढीचे चिनी बाबा असेच डोळे मिटून डोंगरावर बसलेले असतात. त्यांना भूक लागत नाही. ताओ म्हणजे काही न करणं, असं मास्तर दर मंगळवारी सांगायचा. त्या मंगळवारी अंगारकी होती. माझा कडक उपास, आणि सकाळी सवयीने इन्सुलिन टोचून घेतलेलं. सुनेला यातलं काही सांगितलं नव्हतं. मूर्खपणा माझाच.

तेवढ्यात मागून एक बाई ओरडली. हाँगकाँगची, माझ्याच वयाची. वर्गात बडबड करते म्हणून मास्तर तिला सारखा गप्प करायचा.

"ताओ कसला? साखर उतरलीय तिची!"

त्याला बाजूला ढकलून ती हॉलच्या किचनमधून ऑरेंज स्क्वॉशची बाटली घेऊन आली. पाणी न घालताच कपात ओतलं आणि कप माझ्या ओठांना लावला. "गीळ, म्हातारे!"

"उपास आहे," मी पुटपुटले.

"उद्या कर. आधी गीळ."

गिळलं. थोड्या वेळाने भिंत जागेवर आली. मास्तर रडवेला झाला होता. माणूस वाईट नाही.

पुढच्या आठवड्यात मी चकल्या घेऊन तिच्या घरी गेले, इथे लंडनला हाउन्सलोतच, दोन बस स्टॉप पलीकडे. तिच्या हॉलमध्ये लाल देव्हारा, पुढे उदबत्ती, देवाला संत्री ठेवलेली. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

"हा तुझा ताओ?"

"हाच. नवऱ्याच्या दिवसांना आमच्या भटजींनी एवढ्या झांजा वाजवल्या, की शेजारी तक्रार घेऊन आले."

"मग मास्तरला सांगत का नाहीस?"

"राहू दे. वर्गाचा हॉल गरम असतो, चहा फुकट."

नवऱ्याचा फोटो देव्हाऱ्याशेजारीच होता. त्यांच्या टेकअवे दुकानाच्या किचनमध्ये साखर उतरून त्यालाही असाच घाम फुटला होता. दमलाय, जरा पडू दे, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही. कुणी हात लावला नाही.

हे तिने चकली मोडता मोडता सांगितलं. मी तिचा हात धरला.

तो गेला. मी वाचले.