न मोडलेली घडी

गोधडी दाखवायची म्हटली की काकू आधी ती उलटी करत. "पयले उलटी बाजू पाय, बाबू. मंग बोल." टाका कुठे चुकवला ते मागूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही पुष्कळ दुकानदार पाहिले असतील. मालाची मागची बाजू आधी दाखवणारी मी शिरपुरात एवढीच पाहिली.

माझं ऑनलाइन सेवा केंद्र त्यांच्या घराला लागून. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीच्या साइटवर काकूंचं गोधड्यांचं खातं मीच उघडून दिलं होतं. ऑर्डर आली की मी खिडकीतून ओरडायचो आणि काकू पार्सल बांधायला बसायच्या.

एक दिवस एका बाईची तक्रार आली, गोधडी वापरलेली आहे, डाग पडलाय. कंपनीने खातंच बंद केलं. कारण लिहिलं होतं, जुना माल नवा म्हणून विकला. मी मूर्खासारखं ते भर गर्दीत मोठ्याने वाचलं. काकूंनी पदर तोंडावर ओढला आणि निघून गेल्या. त्यानंतर बसस्टँडवरसुद्धा मागच्या गल्लीने जायला लागल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मशीन बिघडली."

खातं परत सुरू करा म्हणून मी तावातावाने अर्ज लिहिला, तो कंपनीने लगेच फेटाळला. तिथे भांडून भागत नाही. काय चुकलं, काय दुरुस्त केलं आणि पुन्हा ते कसं होणार नाही, एवढंच सांगायचं असतं. पण चुकलं काय, तेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

परत आलेलं पार्सल फोडलं तेव्हा घडीत फाटलेली पुडी निघाली. गोधडीवर लालभडक डाग. पार्सलवर बाईचं नाव दिसलं की काकू आत हळदीकुंकू ठेवत. गिऱ्हाईक बाई म्हणजे घरी आलेलीच, तिला तसंच कसं पाठवायचं?

"हे लिहावं लागेल, काकू."

"कुंकवाची माफी मागू काय मी?" त्या कितीतरी वेळ डागावरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लेह्य. चूक माहीच हाय."

नव्या कापडाच्या पावत्या जोडल्या, डागाचे आणि पुडीचे फोटो जोडले, यापुढे पार्सलमध्ये मालाशिवाय काही ठेवणार नाही असं लिहून दिलं. खातं सुरू झालं. मी पेढे मागितले.

"त्या बाईले सांगतलं काय कंपनीनं, गोधडी नवीच होती मनून?"

"तसं सांगत नाहीत, काकू."

"मंग काय सुरू झालं?"



ती डागाची गोधडी त्यांनी विकली नाही, कोणाला दिलीही नाही. गेल्या हिवाळ्यात तापाने कुडकुडत होत्या. सुनेने अंगावर घालायला कपाटातून तीच काढली, तर घडी मोडायच्या आधीच त्यांनी दूर सारली. "नोको वो. आंगावर घेतली तं वापरेल होईन ते. मंग त्या बाईचं खरंच झालं."

त्या तापातून काकू उठल्या नाहीत. घर आवरताना सून गोधडी घेऊन माझ्याकडे आली. "भाऊ, इचं काय करू?"

मी ती हातात घेतली. उलटी बाजू पाहायलासुद्धा मला तिची घडी मोडवली नाही.