गुलाम रसूलची नटवलेली गाडी

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर इशरतचं फोटोचं दुकान आहे. तिच्या पाठीमागे गाव म्हणतं, बाईच्या जिभेला हाड नाही. मग वाढदिवस आला की तेच गाव फोटो घेऊन तिच्या दारात उभं. फोटोशॉप ती कुठल्या क्लासात शिकली नाही. चुलतभाऊ तहा मुंबईत होता तेव्हा त्याने शिव्या घालत शिकवलं आणि तिने उलट शिव्या घालत शिकून घेतलं. आता चाळिशीची नवरी असो की निवडणुकीत आपटलेला उमेदवार, तिच्या हाताखालून सगळे गोरे होऊन बाहेर पडतात.

"घरातला आरसा आवडत नाय म्हणून माझ्याकडे येतात," ती म्हणते. गिऱ्हाइकासमोरच म्हणते.

तर एक दिवस गावच्या मशिदीच्या जमातीचे अध्यक्ष गुलाम रसूल आले. काम गावच्या ॲम्ब्युलन्सच्या फोटोचं होतं. ती गाडी कतारला राबणाऱ्या पोरांच्या पैशातून आलेली, पण दारावर मोठ्या अक्षरात नाव या गृहस्थाचं. खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा खाल्ला होता. स्ट्रेचरच्या बाजूला तळाला भोक, भोकावर फळी. त्याच फळीवर पाय ठेवून इशरत आठवड्यातून दोनदा अम्मीला डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यायची. नवी गाडी हवी म्हणून कतारच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा होता.

फोटो मात्र असा की बघवेना. ढगाळ दिवस, लेन्सला तेलकट बोटं. गाडी आणि मागची चिऱ्याची भिंत एकाच राखेत लोळून उठलेली. गंज दिसेना, भोक दिसेना.

"जरा उजळ कर गो," गुलाम रसूल म्हणाले. "पण गंज दिसता कामा नये. दारावर माझं नाव हाय."

"चाचा, गंज दिसला नाय तर नवी गाडी कोण देल?"

"मग काय भिकाऱ्यासारखं मागायचं? गावाची इज्जत हाय की नाय?"

"इज्जत त्या फळीखाली हाय. अम्मीचा पाय खाली गेला की दिसेल."

"तू तुझं फोटोचं बघ!"

इशरतचं डोकं सणकलं. थांब म्हाताऱ्या, गाडी अशी नटवते की अख्खं कतार हसेल. तिने गंज पुसला, राखेच्या जागी निळंशार आभाळ चिकटवलं, टायर काळे कुळकुळीत केले, बॉनेटवर ऊन चमकवलं, काचेत माडांची सावली पाडली. नवरीला चढवतात तसं सगळं चढवलं, गजरा तेवढा राहिला. आणि दिला फोटो ग्रुपवर टाकून.

कुणी हसलं नाही.

"माशाअल्लाह!" "चाचांनी गाडी काय जपलीय!" अंगठ्यांचा पाऊस. तहा आता कतारला होता, पैसे तोच गोळा करायचा. त्याने लिहिलं, "ही अजून दहा वर्षं जाईल. या वर्षीचे पैसे शाळेच्या छपराला लावू."

आयुष्यभर ज्यांना थापा रंगवून दिल्या, त्यांना थाप ओळखता येईल, अशी तिची समजूत. आणि अध्यक्ष? नवी गाडी हातची गेली, तरी छाती काढून दुकानात हजर. "बघितलंस? नाव झालं गावाचं." या माणसाची मय्यत त्याच गाडीतून नेली असती तरी तो वरून दारावरचं नाव नीट आहे का बघत बसला असता.

इशरतने मूळ मळका फोटो पुन्हा उघडला. या वेळी नुसता धुरकटपणा काढला, अंधाऱ्या भागात उजेड आणला, उडालेले रंग जागेवर बसवले. काही घातलं नाही, काही पुसलं नाही. करपलेल्या भाकरीवर डाग उठावेत तसा गंज उठला. उघड्या दारातून फळी दिसली, फळीच्या कडेचं काळं भोक दिसलं, दारावरचं नावही ठळक झालं. तोही तिने ग्रुपवर टाकला.

"हा एडिट केलेला हाय," पहिलाच जवाब.

तहाने लिहिलं, "इशरत, मस्करी पुरे. मलाच शिकवतेस?"

पुढच्या डायलिसिसला गाडी निघाली. पुढे ड्रायव्हरशेजारी गुलाम रसूल. रत्नागिरीत काम होतं आणि फुकटची गाडी सोडतील ते कसले? चढणीच्या आधी इशरतने तहाला व्हिडिओ कॉल लावला आणि फळी बाजूला ओढली. खालून डांबर सरासर पळत होतं.

"हे काय, रस्ता?"

"मग काय दर्या? कर आता एडिट!"

"फोन बंद कर गो!" पुढून अध्यक्ष ओरडले. "नाव दिसतंय काय माझं?"

स्ट्रेचरवरून अम्मीने मान उचलली. "कोण, तहा? जेवलास काय रे?"

मग तहा म्हणाला, "फळी टाक आधी. चाचीचा पाय जाईल." आणि थोड्या वेळाने, "छप्पर पुढच्या वर्षी बघू."

नवी गाडी आली. तिच्या दारावर नुसतं गावाचं नाव टाकायचं, ही तहाची अट. गुलाम रसूल चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी दुकानात आले. आभाराचा फ्लेक्स हवा होता, मधोमध स्वतःचा फोटो.

"जरा उजळ कर गो."

"करते की, चाचा."

तिने अंधाऱ्या भागात उजेड आणला. कलपाखालची पांढरी मुळं वर आली, दातांवरचं पान वर आलं, डोळ्यांखालच्या पिशव्या लोंबल्या. चाचांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं.

"हा मी?"

"तुम्हीच," इशरत म्हणाली. "काही घातलं नाय, काही पुसलं नाय."