खुब्यातले सिमेंट

सगळे ज्यांना 'ओळंबा मिस्त्री' म्हणत, त्या गवंडीबुवांचा देह उतारवयातही भिंतीसारखा सरळ होता. म्हणूनच ते एका बाजूस झुकून चालू लागले, तेव्हा पत्नीने त्यांना इस्पितळात नेले. तपासणीत खुब्याच्या हाडात दुर्मीळ जातीची गाठ निघाली. प्राणघातक नव्हे, परंतु वाळवीप्रमाणे हाड आतून पोखरणारी. हाड मोडले, तर बांधकामाच्या परांचीवर चढणे कायमचे संपणार होते. आणि परांचीवाचून आयुष्य ही कल्पनाच मिस्त्रींना अगम्य होती.

"चिरफाड नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडद्यावर हाड बघत सुई आत घालायची, गाठ जाळायची आणि पोकळीत सिमेंट भरायचं."

'सिमेंट' हा शब्द कानी पडताच मिस्त्रींचे भय निमाले व अधिकार जागृत झाला. कमरेखाली बधिर होऊन टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी विचारले, "बाई, वाळू चाळून घेतलीत ना?"

"यात वाळू नसते, काका."

"नुसतं सिमेंट? तडे जातील हो!"

"हलू नका. सुई आत आहे."

ते हलले नाहीत. त्यांची शंकाही हलली नाही. घरी पाठवताना बाईंनी जखम कोरडी ठेवण्यास बजावले, तेव्हा त्यांना बाईंची कीवच आली. ताज्या सिमेंटवर पाणी मारू नका म्हणणारा माणूस त्यांनी हयातीत कामावर ठेवला नव्हता.

काही दिवसांनी पत्नीच्या हाताला गादी ओली लागली. पांघरूण उचलून पाहते, तो खुब्यावर भिजवलेले गोणपाट!

"अहो, हे काय?"

"पाणी मारतोय. सकाळ-संध्याकाळ."

"माणूस आहात की स्लॅब?"

तिने त्यांना तडक इस्पितळात नेले. जखम लालसर झाली होती.

"हे आत हाडापर्यंत चिघळलं, तर भरलेलं सगळं फोडून काढावं लागेल," बाई म्हणाल्या. मिस्त्रींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "हे सिमेंट पाणी पीत नाही, काका. तुम्ही टेबलावरून उतरायच्या आधीच ते दगड झालं होतं."

औषधांनी लाली ओसरली. पुढच्या भेटीत बाईंनी पडद्यावर चित्र दाखवले: पोकळीच्या जागी शुभ्र, निर्दोष भरणी. मिस्त्री ती बराच वेळ न्याहाळत राहिले. मग काठी पत्नीच्या हाती देऊन त्यांनी त्या पायावर सारा भार टाकला. पाय ठाम राहिला.

"परांचीवर कधी चढू?"

"दोन-तीन महिन्यांनी. तेही पहिल्या मजल्यापर्यंतच."

"आणि त्याच्या वर?"

"मला विचारून."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

आपला नवरा कोणाला तरी विचारून चढण्यास राजी झाला, यास साक्षीदार हवा म्हणून पत्नीने बाहेरच्या नर्सबाईंना हाक मारली, आणि मिस्त्रींना तो 'बरं' पुन्हा म्हणायला लावला.