सालीभोवतीचं कडं

फळाच्या सालीवर माझ्या आतेभावाइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. लोक फळ खातात आणि साल टाकतात. त्याच्या लेखी गर म्हणजे सालीच्या आतली अडचण. आम्ही कॉलेजात एकाच वर्गात. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा मी आणली, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. त्याच्या डोक्यात मात्र पदवी नव्हतीच, साल होती. सालीच्या अर्कानं जंतू मरतात का, हा त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. त्यापायी एकादशीला तो घरोघर फिरायचा आणि उपासाचं केळं खाणाऱ्यासमोर इतका शांत बसायचा, की त्या बिचाऱ्याला घास गिळवेना. आजाऱ्याला भेटायला गेला की तब्येतीआधी, मोसंबी कुणी आणली का, हे विचारायचा. आत्याच्या शेळ्यांशी तर त्याचं उघड वैर होतं.

प्रयोग सोपा. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यात अर्काचा थेंब सोडायचा. जंतू मेले की थेंबाभोवती स्वच्छ कडं उमटतं. त्याच्या बश्यांत डाळिंब, मोसंबी, केळी, सगळ्यांचीच ठसठशीत कडी उमटली. सर खूश. ह्यालाच जेवण जाईना. सगळ्या साली एकाच गुणाच्या कशा, म्हणून त्या जिथं वाळवल्या ते बघायला गावी गेला आणि तोंड पाडून परत आला. साली त्यानं वाळवल्या होत्या हळदीच्या ताडपत्रीवर. आमच्याकडे शिजवलेली हळद जिच्यावर वाळते, तिच्यावरच पुढे तूर, तिच्यावरच गहू. झटकली की झालं. पण हळद झटकून जाते थोडीच. आणि हळदीनं जंतू मरतात, हे जखमेवर हळद दाबणाऱ्या घरांना काय सांगायचं?

मी म्हणालो, गप बस, वर्ष जाईल. आत्याही म्हणाली, "लेकरा, कोणाला कळून राहिलं ते?"

"मला कळलं ना," तो म्हणाला. "मारलं हळदीनं, अन् नाव सालीचं काहून लावू?"

सरांना त्यानं आपणहून सांगितलं. वर्ष गेलं. मी पास होऊन नोकरीला लागलो.

पुढल्या वर्षी त्यानं घरात, धुतलेल्या लुगड्यावर साली वाळवल्या आणि मला मुद्दाम बोलावलं. केळी, मोसंबीच्या बशीत काहीच नव्हतं. डाळिंबाच्या थेंबाभोवती तेवढं एक बारीक कडं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण हे सालीचं हाय."

मग बशी खिडकीच्या उजेडाकडे धरून तो इतका वेळ बघत राहिला, की आपण एक वर्ष आधीच पुढे निघून आलो, याचं मला उगाच वाईट वाटायला लागलं.